गेट नंबर चार, सोहार

रात्री दोनला समुद्राकडून जे येतं
त्याला वारं म्हणवत नाही.
ओल्या गोणपाटासारखं अंगावर पडतं.
ट्रक थांबतो. कार्ड घेतो, चेहरा बघतो, कार्ड परत.
ओळख पटवणं हेच माझं काम,
सतरा वर्षं पलटणीत, सहा वर्षं इथं.
माझी कुणी पटवून घेतली नाही.
मीही कार्ड दाखवलं नाही.

आज खोलीत वाद झाला.
शशिधरनच्या मोबाईलवर
एक निवृत्त साहेब मिशी सावरत म्हणत होते,
असल्यांना उघडपणे फौजेत घेतलं
तर शिस्त बिघडेल.
टेकबहादूर डाळीला फोडणी देत म्हणाला,
मग बराकीत कोण कुणाशेजारी झोपणार?
सगळे हसले. मीही हसलो.
हसणं ही माझी सर्वांत जुनी वर्दी.

शिस्तीचं सांगतो, साहेब.
चौकीवर आम्ही सहाजण, एक स्टोव्ह,
रॉकेलच्या काजळीनं नाकं काळी.
रामलिंग माझा बडी.
नियमच होता, बडीचे पाय बडीनं तपासायचे,
रोज संध्याकाळी, बोट न् बोट.
मी मोजायचो. दहा.
काखेत धरून ऊब द्यायचो,
आणि तेवढा वेळ तो
सरकारी हुकमानं माझा असायचा.

नियमाबाहेर काय झालं ते
या रजिस्टरच्या मागच्या पानावरही
लिहिणार नाही. इथला कायदा वेगळा,
जीभ चावायची जागा तीच.

पहाऱ्यावर अंधारात बूट वाजले की ओरडायचं :
थम! कौन आता है?
उत्तर ठरलेलं : दोस्त.
रामलिंग ते असं म्हणायचा
की पुढचं वाक्य माझ्या घशात अडकायचं.
तरी त्या अख्ख्या हिवाळ्यात
पासवर्ड घेतल्याशिवाय
मी त्याला एकदाही आत घेतलं नाही.
कुठं बिघडली, दाखवा.

एका संध्याकाळी मोजली तर दहाच होती,
पण दोन काळी.
हेलिकॉप्टर आलं. फॉर्म आला.
जवळचं नातं, या रकान्यात त्याच्या बायकोचं नाव.
बरोबरच होतं ते. काय चुकीचं होतं?
साक्षीदाराच्या जागी मी सही केली.
हातमोजा काढून केली, म्हणून अक्षर बरं आलं.

आता तो गडहिंग्लजला पेंडीचं दुकान चालवतो.
रोज पहाटे गुलाबाचं चित्र पाठवतो, शुभ सकाळ,
एकदम एकशे चौदा लोकांना.
मी जोडलेले हात पाठवतो.

गुलफराज थर्मास उघडतो.
त्याची पंधरा वर्षं पलीकडच्या डोंगरावर गेली.
कोण कुणाच्या दुर्बिणीत होतं
याचा हिशोब आम्ही मागेच लावलाय,
अडीचशे ग्रॅम खजुरावर मिटवलाय.
दुपारचा वाद त्याला सांगितला, सहज म्हणून.
बराच वेळ चहात चमचा फिरवत राहिला.
मग म्हणाला, आमच्यातही होता एक.
सिग्नलवाला. बर्फात तार तुटली
की रात्री तोच जायचा, कुणी न सांगता.
सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही.
मग एकानं लिहून दिलं. रातोरात काढला.
आणि तार?
तार काय, तुटत राहिली.
तू ओळखायचास त्याला?
चाय पी, म्हणाला. ठंडी हो रही है.
ह्या उकाड्यात.

चारच्या सुमारास तो नमाजाआधी हातपाय धुवायला गेला.
खडीवर बूट वाजत परत येत होते,
दिव्याच्या पलीकडे, नुसता आकार.
काय झालं कोण जाणे, तोंडातून गेलं,
थम! कौन आता है?

खडी वाजायची थांबली.
उत्तर त्याला ठाऊक आहे,
दोन्हीकडे तेच शिकवतात.
मी माझ्या जागी, तो त्याच्या.
क्रेनचा लाल दिवा दोनदा लागला, दोनदा विझला.

मग ट्रकचा हॉर्न.
अॅल्युमिनियमचा माल, ड्रायव्हर झोपाळलेला.
कार्ड घेतो. चेहरा बघतो.
आज जरा जास्त वेळ बघतो.